अंतर राखण्यातली करुणा

पाळीव प्राण्यावरील प्रेम ही माणसाच्या नैतिक जीवनातली एक मोठी शाळा आहे, कारण ज्याला आपली भाषा येत नाही अशा जिवाची भूक, भीती आणि आनंद ओळखण्याची सवय मनाला तिथे लागते. परंतु हेच प्रेम घराचा उंबरठा ओलांडून रानात शिरते, तेव्हा घरात कधी न उद्भवणारा एक प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. आपल्या कुत्र्याचा आनंद आणि त्या रानात आधीपासून नांदणाऱ्या, आपल्याला न दिसणाऱ्या जिवांची शांतता यांच्यात विरोध आला, तर करुणेने कोणाची बाजू घ्यावी, हा तो प्रश्न होय.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचे ग्रॅनाइट खडकाचे पठार आहे आणि त्याच्या पूर्वेकडील कडेला बोवी नदीने कोरलेल्या, ओक वृक्षांनी भरलेल्या अरुंद दरीत हा प्रश्न रोज पायवाटेवर भेटतो. ही दरी, शेजारचे यार्नर वन आणि ट्रेंडलबिअर डाउनचा माळ मिळून ‘ईस्ट डार्टमूर वुड्स अँड हीथ्स’ हे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र बनले असून त्यातील यार्नर वनाला हा दर्जा 1952 मध्येच मिळाला. अटलांटिक महासागरावरून येणाऱ्या दमट हवेमुळे इथल्या ओकच्या फांद्या शेवाळ, नेचे आणि दगडफुलांनी लगडलेल्या असतात, म्हणून अशा वनांना समशीतोष्ण पर्जन्यवन असे म्हटले जाते. या राखीव क्षेत्रात कुत्र्यांना बंदी नाही आणि ते योग्यही आहे, कारण अनेक एकाकी, वृद्ध किंवा खचलेल्या माणसांना घराबाहेर काढून झाडांखाली आणणारा सोबती बहुधा त्यांचा कुत्राच असतो. याउलट अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात मियानस नदीच्या अशाच वृक्षाच्छादित घळीचे जे राखीव क्षेत्र आहे, तिथे कुत्र्यांना प्रवेशच दिला जात नाही. बंदीने प्रश्न प्रवेशद्वारापाशीच मिटतो. मोकळीक दिली की तो प्रत्येक पाहुण्याच्या विवेकावर सोपवला जातो, आणि म्हणूनच जिथे मोकळीक आहे तिथे विवेकाला अधिक माहितीची गरज असते.

डार्टमूरच्या ओकवनांत वसंत ऋतूत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडून वुड वॉर्बलर नावाचा, आपल्याकडील वटवट्यांच्या नात्यातला छोटा पक्षी येतो आणि झाडावर घरटे न बांधता जमिनीवरच्या पालापाचोळ्यात घुमटाकार घरटे करतो. माळावर रातवा पक्षी तर घरटे न बांधता उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. पायवाट सोडून काही पावले आत गेलेला कुत्रा कोणालाही इजा न करता परत येऊ शकतो, परंतु पक्ष्याच्या लेखी तो शिकारी प्राणीच असल्यामुळे मादी अंड्यांवरून उठते, अंडी थंड पडू लागतात आणि एखाद्या कावळ्याला घरट्याची जागा कळते. ऑस्ट्रेलियातील सिडनीजवळच्या वनांत झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पट्ट्याला बांधलेले कुत्रे फिरवून नेल्यानंतर लगेच केलेल्या मोजणीत पक्ष्यांच्या प्रजातींची विविधता 35 टक्क्यांनी आणि एकूण संख्या 41 टक्क्यांनी घटलेली आढळली, तर कुत्र्याविना चालणाऱ्या माणसांमुळे होणारा परिणाम साधारणपणे याच्या निम्म्याहून कमी होता. ही घट त्या वेळेपुरती मोजलेली होती, हे खरे. पण विणीच्या हंगामात ‘त्या वेळेपुरते’ पुन्हा पुन्हा येत राहिले, तर त्याची किंमत पिलांना मोजावी लागते.

दुसरा परिणाम जमिनीत मुरतो. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी शहरालगतच्या चार राखीव क्षेत्रांचा अभ्यास करून 2022 मध्ये असा अंदाज मांडला की, कुत्र्यांच्या मूत्र आणि विष्ठेतून तिथे दर हेक्टरी दरवर्षी सुमारे 11 किलो नायट्रोजन आणि 5 किलो फॉस्फरस पडतो. हे आकडे वर्दळीच्या जागांचे असल्यामुळे डार्टमूरला जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण प्रक्रिया तीच असते. शेतात जे खत ठरते, ते अशा वनात ओझे होते, कारण इथल्या पुष्कळ वनस्पती निकस मातीशी जुळवून घेतलेल्या असतात आणि खत वाढले की अंगाला झोंबणाऱ्या ‘नेटल’सारख्या जोमदार वनस्पती त्यांची जागा घेतात. आपल्या गरम मसाल्यातून ओळखीचे असलेले दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून घडलेला जीव; त्याच्या अनेक जातींना वाढीव नायट्रोजन सोसत नाही. फॉस्फरस मात्र जवळजवळ सगळा विष्ठेतूनच येत असल्यामुळे विष्ठा पिशवीत उचलून परत नेण्याच्या साध्या कृतीने हा भार बहुतांशी टळतो.

तिसरा परिणाम पाण्यात उतरतो आणि तो तर खुद्द वत्सलतेतूनच जन्मतो. गोचीड-पिसवांपासून कुत्र्याला वाचवण्यासाठी त्याच्या मानेवर जे थेंब टाकले जातात, त्यांत अनेकदा फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड ही कीटकनाशके असतात. 2016 ते 2018 या काळात इंग्लंडमधील 20 नद्यांतून घेतलेल्या नमुन्यांपैकी 98 टक्क्यांत फिप्रोनिल आढळले. त्यातले पुष्कळसे घरातल्या सांडपाण्यातून नदीत पोहोचते, असे संशोधक मानतात, परंतु औषध टाकल्यानंतर थोड्याच दिवसांत नदीत पोहणारा कुत्रा ते थेट प्रवाहात सोडतो, आणि मग पिसवांसाठी असलेले विष पाण्यातल्या निरुपद्रवी कीटकांवर आणि त्यांच्यावर जगणाऱ्या मासे-पक्ष्यांच्या अन्नावर पडते.

या तिन्ही गोष्टींत कुत्र्याचा दोष कोणताच नाही. विणीचा हंगाम त्याला कळत नाही, औषध त्याने मागितलेले नसते आणि रानात त्याला कोणीतरी आणलेले असते. म्हणून त्याच्या वागण्याचे उत्तरदायित्व पूर्णतः माणसाकडे येते. इंग्लंडमध्ये 2000 साली झालेल्या, ग्रामीण भागातील मुक्त संचाराविषयीच्या कायद्याने खुल्या ठरवलेल्या माळरानांवर 1 मार्च ते 31 जुलै या काळात कुत्रा जास्तीत जास्त दोन मीटरच्या पट्ट्याला बांधलेला असावा, असे घालून दिले आहे. परंतु कायदा तारखा आणि लांबी सांगतो; त्यामागचा भाव माणसाला स्वतःच जागवावा लागतो.

तो भाव मराठी मनाला परका नाही. भाकरी उचलून पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि तिचा अर्थ प्राणिमात्रांवरील प्रेम असा घेतला जातो. पण त्या धावण्याच्या मुळाशी एक सूक्ष्म दृष्टी आहे. समोरच्या जिवाला नेमके काय कमी पडते आहे, हे नामदेवांनी आधी पाहिले. हीच दृष्टी दरीतल्या पक्ष्याकडे वळवली, तर त्याला माणसाचे कौतुक नको असून निवांतपणा हवा आहे, आणि नदीला सहवास नको असून स्वच्छता हवी आहे, हे ध्यानात येते. काही जिवांच्या बाबतीत करुणा जवळ जाण्यात असते, तर काहींच्या बाबतीत ती दूर राहण्यात असते, आणि प्रौढ करुणेला दोन्ही साधावे लागते.

म्हणून कुत्र्याला घेऊन रानात जाणाऱ्याने विणीच्या काळात पट्टा आखूड धरावा, पायवाट सोडू नये, विष्ठा मागे ठेवू नये आणि पिसवांचे औषध ताजे असताना त्याला पाण्यात उतरू देऊ नये, एवढी पथ्ये पाळावीत. यांतले कोणतेही पथ्य कुत्र्यावरचे प्रेम कमी करत नाही. वास घेत, कान टवकारत, आपल्या माणसासोबत चालण्याचा त्याचा आनंद त्या दोन मीटरांतही शिल्लक राहतो, आणि माणसाच्या ठायी मात्र एका जिवाशी असलेली माया अनोळखी जिवांविषयीच्या कर्तव्यापर्यंत विस्तारते.