बॉडी की लेन्स?

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण पुढे आत्मा वगैरे येणार आहे, आणि बी. कॉम. झालेला माणूस आत्म्याविषयी बोलू लागला की लोकांना वाटते, याच्या कॅशमध्ये काहीतरी कमी भरलेली दिसते.

तर २०२४ च्या मार्चमध्ये आम्हा बँकवाल्यांचा बारावा द्विपक्षीय करार झाला. नोव्हेंबर २०२२ पासूनची थकबाकी मिळाली, आणि आम्हा कारकुनांचे 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असे नामकरण झाले. काउंटर तोच, खुर्ची तीच, खुर्चीचा हलणारा हात तोच. माणूस न बदलता पाटी बदलली की प्रगती होते, हा व्यवस्थापनशास्त्रातला सिद्धांत आहे. थकबाकी मात्र खरी होती. ती खात्यात पडायच्या आधीच घरातून तिच्यावर चार दावे दाखल झाले होते. त्यांतून हुज्जत घालून, एक दिवस अबोला सोसून, मी पंचावन्न हजार रुपये बाजूला काढले. कॅमेऱ्यासाठी.

माझ्याकडे २०१३ साली घेतलेला निकॉनचा डी-३२०० आहे. सोबत मिळालेली १८-५५ ची लेन्सही आहे. ती कॅमेऱ्याबरोबर येते, साखरपुड्याबरोबर पेढे यावेत तशी. सांगलीत राहणाऱ्या आणि कॅमेरा बाळगणाऱ्या माणसाला आयर्विन पूल चुकत नाही. १९२९ सालचा हा पूल मी सर्व ऋतूंत, सर्व बाजूंनी काढला आहे. चारेकशे फोटो असतील. पुलाची कधी तक्रार आली नाही. तो हलत नाही, डोळे मिटत नाही, आणि 'माझं पोट फार दिसतंय' असे म्हणत नाही. माणसांचे फोटो मात्र येत नसत. घरातले, संध्याकाळचे, ट्यूबलाइटच्या उजेडातले फोटो म्हणजे सगळे नातेवाईक जणू धुरातून निघून धुरात चालले आहेत.

आता दोष कुणाचा? बॉडीचा की लेन्सचा? फोटो काढणाऱ्याचाही दोष असू शकतो, ही तिसरी शक्यता मी त्या वेळी विचारात घेतली नव्हती. बँकेतही फरक आला की आपण आधी मशीनकडे बघतो.

शाखेत दोन तट पडले. आमचे हेडकॅशियर (नामकरण त्यांचेही झाले आहे, पण ते हेडकॅशियरच आहेत) लेन्सवाले. नवा प्रोबेशनरी ऑफिसर बॉडीवाला. तो म्हणाला, "काका, आता आरसा नसलेले कॅमेरे आलेत. माणूस समोर आला की त्याचा डोळा कॅमेरा आपणहून शोधतो आणि त्यावरच फोकस धरून ठेवतो. तुम्ही नुसतं बटण दाबायचं." मला हे फार आवडले. बटण दाबण्यापुरतेच आपण उरावे, अशी माझी नोकरीतही इच्छा आहे.

हेडकॅशियर म्हणाले, "बॉडीत पैसे घालू नका हो. घसारा बघा. तुमची आजची बॉडी विकायला न्या, चहाचे पैसे निघतील. चांगली लेन्स दहा वर्षांनी विका, अर्धे तरी येतात. आणि मेगापिक्सेल म्हणाल तर तुमचे चोवीस आहेत. आजही त्या पंक्तीतल्या कितीतरी बॉड्या चोवीसच्याच आसपास आहेत." मग ते आकड्यांत शिरले. कॅशियरच तो. माझी लेन्स ५५ वर ओढली की तिचे छिद्र एफ/५.६ च्या पलीकडे उघडत नाही. पन्नास मिलिमीटरची एफ/१.८ ची साधी लेन्स घेतली तर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. आकडा लहान तितके भोक मोठे, हे पचायला मला आठवडा लागला. तो भागाकार आहे. लेन्सच्या लांबीला छिद्राच्या व्यासाने भागायचे, म्हणजे खालचा वाढला की उत्तर उतरते. आमचा पगार आणि महागाई यांचे नाते असेच आहे, हे लक्षात आल्यावर मग समजले.

पण मंडळी, प्रश्न इतका सोपा असता तर मी तो आठ महिने कशाला पुरवला असता? रात्री अंथरुणावर पडल्यावर तो वाढत जाई. बॉडी म्हणजे देह. देह हे जुने वस्त्र, ते टाकायचे आणि नवे घ्यायचे, हे आपल्याकडे फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. कॅमेराकंपन्यांनी फक्त त्याची मुदत ठरवली. लेन्स या देहातून त्या देहात जाते. निकॉनने १९५९ साली जे एफ माउंट काढले, त्याच्या पुष्कळ जुन्या लेन्सा पुढे कितीतरी वर्षे नव्या बॉड्यांवर बसत राहिल्या. आत्म्याचे इतके व्यवस्थित हस्तांतरण मी दुसरीकडे पाहिलेले नाही. पण २०१८ साली कंपनीने आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी वेगळेच, रुंद माउंट आणले. आता जुन्या आत्म्याला नव्या देहात शिरायचे तर मध्ये अडॅप्टर लागतो, आणि तो वेगळा विकत घ्यावा लागतो. म्हणजे पुनर्जन्मातही दलाल आलाच.

शिवाय एक जुनी टोचणी होती. स्वतःच्या हौसेवर पंचावन्न हजार खर्च करणे बरोबर का? या बाबतीत मी दादासाहेब फाळक्यांना साक्षीला बोलावत असे. त्यांनी विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठले आणि विल्यमसन कॅमेरा आणला. त्याआधी सिनेमे बघून बघून डोळ्यांवर इतका ताण दिला होता की काही काळ त्यांना दिसेनासे झाले होते. असा अर्ज आज माझ्या काउंटरवर आला तर? व्यवसाय : नाही. अनुभव : नाही. कारण : हलती चित्रे. प्रकृती : दृष्टी अधू. मी तो अर्ज साहेबांच्या टेबलापर्यंतसुद्धा जाऊ दिला नसता. पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' झाला. पण फाळक्यांचे उदाहरण देताना एक अडचण येते. आपण फाळके नसतो. आपल्याकडे फक्त कर्ज असते.

शेवटी हेडकॅशियर वैतागले. "अहो, घरी जा, दोन्ही प्रकारे फोटो काढून बघा आणि एकदाचं ठरवा." दोन्ही प्रकारे म्हणजे कसे, हे त्यांनी सांगितले नाही. तरी रविवारी संध्याकाळी मी आईला ट्यूबखाली बसवले. ती नेहमीप्रमाणे तांदूळ निवडत होती. आईचे वय चौऱ्याहत्तर. ती उत्तम मॉडेल आहे, कारण 'इकडे बघ' म्हटले तरी ती तांदूळच निवडते. मी वीस-पंचवीस फोटो काढले. मग कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर तिला एकेक दाखवू लागलो.

"छान आलाय."

"हा?"

"हाही छान."

मध्ये एक फोटो पूर्ण काळा होता. मॅन्युअलवर शटरचा आकडा भलताच पुढे गेला होता. मावळत्या अमावास्येचा फोटो म्हणून खपला असता. मी पुढचे बटण दाबणार, तोच आई म्हणाली, "हा पहिल्यापेक्षा बरा आहे."

मी हसलो. बायकोला हाक मारून सांगणार होतो. ती विनोद म्हणून ऐकेल, उद्या शाखेतही चालेल, असेही मनात आले. मग हसू आपोआप थांबले. आई तांदूळ निवडत होती, पण बोटांनी. ताटलीकडे ती बघतच नव्हती. खडा बोटाला लागला की बाजूला काढत होती.

वर्षभर आई म्हणत होती, "ट्यूब मंद झालीय रे." मी दोन ट्यूब बदलल्या होत्या. तिसऱ्या वेळी तिला म्हटलेही होते की तुझं काहीतरीच असतं. देवापुढची पोथी तिने मिटून ठेवली होती आणि मला वाटले होते, पाठ झाली असेल.

"आई, तुला दिसतंय का नीट?"

"दिसतंय की. थोडं ढगाळ दिसतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं काय त्यात? तुझं ते कॅमेऱ्याचं चाललं होतं ना. म्हटलं, ते होऊ दे आधी."

या वाक्याचा माझ्यावर काय परिणाम झाला हे लिहायचा मी प्रयत्न करत नाही. विनोदी लेखकांनी ते करू नये, जमत नाही. एवढेच सांगतो की त्या रात्री मला दहापट प्रकाशाचा हिशेब आठवला आणि झोप लागली नाही.

मिरजेला डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा चांगलाच पिकलेला. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, आतली लेन्स काढून नवी बसवायची." आणि त्यांनी टेबलावर एक छापील तक्ता सरकवला. लेन्सांचा! एकाच अंतराची, अनेक अंतरांची, देशी, परदेशी, आणि समोर किमती. आठ महिने मी ज्या प्रश्नापुढे बसलो होतो तोच प्रश्न तक्त्याच्या रूपाने समोर आला. फक्त या वेळी बॉडी बदलायची सोय नव्हती. चौऱ्याहत्तर वर्षांची बॉडी, आहे त्या स्थितीत, आणि लेन्स नवी. हेडकॅशियर जिंकले म्हणायचे.

डॉक्टर बोलके होते. डोळ्यात बसवायची पहिली लेन्स हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये बसवली. महायुद्धात विमानांच्या पारदर्शक छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, आणि ते तिथे मुकाट्याने राहिले, डोळ्याने भांडण काढले नाही, हे त्यांनी हेरले होते. पुढे कितीतरी वर्षे या लेन्सा गरिबाच्या आवाक्याबाहेर होत्या. १९९२ पासून मदुराईच्या ऑरोलॅबने त्या इथेच स्वस्तात बनवायला सुरुवात केली. मी ऐकत होतो आणि बोट तक्त्यातल्या सर्वांत महाग ओळीवर ठेवत होतो. अपराधी माणूस नेहमी महाग वस्तू घेतो. सराफांचा निम्मा धंदा त्यावर चालत असावा.

"ही द्या," मी म्हटले.

"ही अनेक अंतरांची. हिच्यात काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात," डॉक्टर म्हणाले. "आजी, तुम्हाला काय बघायचंय?"

इतका नेमका प्रश्न मला आठ महिन्यांत कुठल्याही दुकानदाराने विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

आई म्हणाली, "तांदळातला खडा. पोथी. आणि नातीचं तोंड."

"लांबचं?"

"लांबचं काय बघायचं राहिलंय? त्याला चष्मा लावीन."

बहुतेक लोक उलटे सांगतात म्हणे; लांबचे नुसत्या डोळ्यांनी दिसू दे, वाचायला चष्मा चालेल. आईने एकाच अंतराची, साधी, जवळचे दिसणारी लेन्स घेतली. मी महाग ओळीसाठी पुन्हा एकदा रदबदली केली, तेव्हा ती डॉक्टरांना म्हणाली, "त्याचं ऐकू नका, त्याला वस्तू घ्यायची हौस आहे."

ऑपरेशन अर्ध्या तासाच्या आत झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आई घरी येऊन खोलीच्या मध्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "भिंत पांढरी आहे होय रे? मला वाटलं तुम्ही पिवळा रंग काढलाय." मोतीबिंदूने डोळ्यातली काच पिवळी पडते, निळा अडतो. क्लोद मोने या चित्रकाराचे ऑपरेशन १९२३ साली झाले, त्याच्याही रंगांची अशीच उलथापालथ झाली होती. मी तिला हे सांगत होतो, पण ती माझ्याकडे बघत होती. जवळून.

"तुझे केस कधी पांढरे झाले?"

"झाले. मध्यंतरी."

विम्यातून मिळायचे ते मिळाले, वरचे थकबाकीतून गेले, दुसऱ्या डोळ्याचे बाजूला ठेवले. जे उरले त्यात बॉडी येत नव्हती. पन्नासची एफ/१.८ येत होती. शाखेत हेडकॅशियरांनी विचारले, "मग? ठरलं?" मी 'बघू' म्हटले. घ्यायला हरकत नव्हती. आईनेच 'घेऊन टाक' म्हटले होते. पण घेऊन काय बघायचे, या प्रश्नाला माझ्याकडे आईइतके सरळ उत्तर नव्हते.

महिन्याभराने, थेंब बंद झाल्यावर, तिने आपणहून फोटो मागितले. मी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. ती नाक जवळजवळ पडद्याला लावून, न्यायाधीशासारखी, एकेक फोटो बघत गेली. छान एकालाही म्हणाली नाही.

"हे सगळे हललेत रे."

"उजेड कमी होता. लेन्स जरा..."

"हात हलतो तुझा. लहानपणी पाटीवर रेघ मारायचास तेव्हाही हलायचा. दाराच्या चौकटीला टेकून काढत जा." मग पूल सुरू झाला. दहा, वीस, चाळीस. तिने मान वर केली. "हा एकच पूल किती वेळा काढलायस? माझा एक धड नाही."

मी जुनाच कॅमेरा, जुनीच लेन्स घेतली आणि चौकटीला टेकलो.

"थांब," आई म्हणाली, "पदर नीट करू दे."