चालतं आणि चालवून घेतो

"मामा, प्रयोग कर हवे तेवढे, पण रोजच्या कामाला हे कशाला?" देवनारला आला की भाचा माझा जुना लॅपटॉप पाहून हेच विचारतो. या वेळी त्यातला 'रोजचं काम' हा शब्द डोक्यात अडकून बसला.

लॅपटॉपवर विंडोजऐवजी हायकू ही संगणकप्रणाली आहे. बीओएस ही नव्वदीतली देखणी प्रणाली. 2001 साली तिची कंपनी बुडाली आणि त्याच वर्षी काही हौशी मंडळींनी ती मुळापासून नव्याने लिहायला घेतली, तीच हायकू. पहिली बीटा 2018 मध्ये आली, पाचवी सप्टेंबर 2024 मध्ये. बीओएसचा ब्राउझर पान न सापडल्याची वाईट बातमीही हायकू कवितेत द्यायचा, त्यावरून हे नाव. शिरीष पैंनी मराठीत रुजवलेला हायकू तीन ओळींत आटपतो. या मंडळींचं तेवीस वर्षं पहिलीच ओळ घोटणं चाललं होतं.

रोजच्या कामाचं म्हणाल, तर मला फरक वाटतो तो 'चालतं' आणि 'चालवून घेतो' यांतला. हायकूच्या मूळ प्रोग्रॅमांत देवनागरी नीट जुळत नाही, पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाऊन बसते. म्हणून मराठी लिहायला लिब्रेऑफिस. हे मी चालवून घेतो, आणि घेतोय हे मला ठाऊक असतं. भाच्याच्या यंत्रावर ऐन कामात अपडेट येतं, मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं, आणि तो त्याला 'चालतं' म्हणतो. शिवाय हायकूत प्रत्येक ईमेल ही सुटी फाइल असते. पाठवणाऱ्याचं नाव, विषय, तारीख तिलाच चिकटलेली. संपादकांची गेल्या वर्षाची पत्रं मागितली की फाइलींच्याच खिडकीत समोर हजर. नुसती टापटीप पाहूनच जीव सुखावतो.

आमच्याकडे वारा फिरला की मुंबई काय काय फेकते ते नाकाला कळतं. देवनारचं डम्पिंग ग्राउंड 1927 पासूनचं आहे. आता यंत्रांचीही पाळी आली. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला आणि कितीतरी धडधाकट मशीनं एका तारखेत म्हातारी ठरली. माझाही लॅपटॉप भंगारातच जायचा होता, हायकूने वाचवला.

हे सगळं मी तावातावाने सांगत होतो. भाच्याने शांतपणे विचारलं, "वीजबिल कुठून भरलंस?"

फोनवरून. बँक? फोन. तिकीट, गॅसचा नंबर, बहिणीचा व्हिडिओ कॉल? फोन, फोन, फोन.

हायकूवर रोजचं काम होतं, हे सिद्ध करायला बसलो होतो. खरं म्हणजे रोजचं काम टेबलावरून कधीच उठून खिशात गेलंय. ते गेलं म्हणून लॅपटॉपला अर्धवट राहणं परवडतं. बिल भरायची वेळ त्याच्यावर आली असती, तर मीच त्याला आठवड्याभरात हाकलला असता. त्याच्या वाट्याला उरलंय ते लिहिणं, जुनी पत्रं उपसणं, रात्री जेवणानंतरचे दोन तास.

भाच्याला मात्र हे अजून कबूल केलेलं नाही.