लांबची वाट, कमी वेळ

परदेशातल्या लेकाकडे पहिल्यांदाच निघालेल्या आईला शेजारीण विचारते, "किती लांब आहे हो?" दहिवलीत, भिसेगावात, खोपोलीत हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. उत्तर तासांत मिळतं. किलोमीटर कुणी सांगत नाही, आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे सरळ अंतर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर. शाळेतल्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. तो अरबी समुद्र ओलांडून पश्चिमेला जात नाही; उत्तरेला चढतो, आर्क्टिक वर्तुळाच्या आत शिरतो आणि पलीकडे उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे कळतच नाही. पण विमान या दोऱ्यावरूनच जाईल असंही नाही. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. म्हणून लंडनला जाताना जो वेळ लागतो, त्यापेक्षा मुंबईला परतताना साधारण तासभर कमी लागतो.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट चौदाशेएक किलोमीटरने वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाली. वेळ मात्र घटला. विमान साडेचौदा तासांत पोचलं. वाऱ्याशी झुंजत जाण्यापेक्षा वारा पाठीशी घेऊन लांबून जाणं सोयीचं ठरलं.

कर्जत तालुक्यातल्या माणसाला यात नवल वाटू नये. नेरळहून माथेरान पक्ष्याच्या वाटेने सहा-सात किलोमीटर. आदमजी पीरभॉय कुटुंबाने घातलेली, १९०७ मध्ये सुरू झालेली छोटी रेल्वे तेवढ्यासाठी २१ किलोमीटर फिरते आणि दोन तासांहून जास्त घेते. साडेसातशे मीटरची ती चढण सरळ रुळांना झेपणारी नाही, म्हणून गाडी डोंगराच्या अंगाअंगाने वळत जाते. पायथ्याच्या वाड्यांतली माणसं मात्र डोक्यावर बोजा घेऊन पायवाटेने थेट वर चढतात. डोंगर तोच, पण गाडीची अडचण वेगळी आणि माणसाची वेगळी.

मुलं तिकडून आईवडिलांचं तिकीट काढतात तेव्हा हे ध्यानात ठेवावं, असं मला कळकळीने वाटतं. पडद्यावर सगळ्यात कमी तासांचा प्रवास वर दिसतो, नाहीतर सगळ्यात स्वस्त. पण गुडघे धरलेल्या बाईला एका बैठकीत पंधरा-सोळा तास काढणं जड जातं. तिला मध्ये कुठे तरी उतरून पाय मोकळे करता आले, तर चार तास जास्त गेलेले परवडतात. उलट, कर्जत-सीएसएमटी लोकलपलीकडे एकट्याने प्रवास न केलेल्या वडिलांना दुबईच्या विमानतळावर पुढचं गेट शोधायला लावू नये. त्यांच्यासाठी थेट विमानच बरं, महाग पडलं तरी. व्हीलचेअर हवी असेल तर तिकिटाबरोबरच नोंदवावी. "मला काही नको, मी चालेन," असं ते म्हणतीलच. गुडघ्यांचं, लघवीचं, इंग्रजीच्या धास्तीचं फोनवर सगळ्यांसमोर ते बोलत नाहीत. ते एकेकट्याला, निवांत विचारावं लागतं, आणि मग तिकीट काढावं.