वही कोणी पूर्ण केली?

मुंबई-पुण्याच्या काही खासगी शाळांत एका वर्गात दोन बाई दिसतात. एक फळ्यापाशी, दुसरी एखाद्याच मुलाच्या बाकाला खुर्ची लावून. या दुसरीला कागदोपत्री शॅडो टीचर म्हणतात, मुलं ताई म्हणतात. तिच्या मुलाला ऑटिझम असतो, किंवा त्याचं लक्ष टिकत नाही, किंवा वाचन-लेखनात ते मागे पडलेलं असतं. तिचा पगार पुष्कळदा पालक भरतात. तिला नेमकं काय यायला हवं, हे मात्र शाळा, पालक आणि ताई यांपैकी कोणीच फारसं विचारत नाही.

तिचं काम थोडं जवळून पाहू. गणित आहे 53 वजा 27. मुलाने 34 लिहिलं आहे. सातातून तीन गेले चार, पाचातून दोन गेले तीन. वर कोण, खाली कोण याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मोठ्यातून लहान घालवायचं, एवढं त्याला पक्कं ठाऊक. उत्तर चुकलंय, पण त्यामागे विचार आहे. ताई म्हणते, “पूस ते. तीनातून सात जातात का? नाही ना? मग एक दशक सुटं कर. तेरातून सात गेले?” “सहा.” “इकडे राहिले चार. चारातून दोन?” “दोन.” 26 लिहून होतं, बाईंची बरोबरची खूण पडते. या सगळ्यात मुलाने दोन सोप्या वजाबाक्या केल्या. दशक सुटं करायचं का आणि कधी, हे ताईने ठरवलं, आणि त्या गणितात शिकण्यासारखं तेवढंच होतं. उद्या 64 वजा 38 आलं की ते पुन्हा ताईच्या तोंडाकडे बघणार.

यात ताईला बोल लावण्यात अर्थ नाही. संध्याकाळी पालक वही उघडतात. पान कोरं दिसलं की पहिला प्रश्न तिलाच येतो, मग ती पान भरते. आपल्याकडे गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच हीच सेवा पिढ्यान्‌पिढ्या देत आले आहेत. ताई बोलते, एवढाच फरक.

इंग्लंडने हा अनुभव फार मोठ्या प्रमाणावर घेतला. तिथल्या सरकारी शाळांत 2000 नंतरच्या दशकात वर्गसहायकांची संख्या झपाट्याने वाढली. पीटर ब्लॅचफर्ड, रॉब वेब्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं या व्यवस्थेचा अभ्यास केला. 2009 मध्ये मांडलेला त्यांचा निष्कर्ष शाळांना धक्का देणारा होता: ज्या मुलांना सहायकांची मदत जास्त मिळाली, त्यांची प्रगती तशाच पण कमी मदत मिळालेल्या मुलांपेक्षा कमी झाली. मुळात कच्चीच मुलं सहायकांकडे जातात, हा आक्षेप त्यांनी हिशेबात धरला होता. कारणं वर्गातच सापडली. सहायक जवळ बसला की शिक्षकाचं त्या मुलाकडे जाणं कमी होई. सहायकाचं लक्ष काम उरकण्याकडे असे आणि तो उत्तर लवकर पुरवून टाकी. शिक्षक आणि सहायक यांना एकत्र बसून पाठ ठरवायला वेळच नसे.

त्यानंतर पॉला बोसँकेट, ज्युली रॅडफर्ड आणि वेब्स्टर यांनी सहायकांसाठी मदतीची उतरंड मांडली. आधी गप्प राहून पाहायचं. मूल अडलंच तर “आता पुढे काय करशील?” एवढंच विचारायचं. तरी अडलं तर एखादी खूण द्यायची. तीही पुरली नाही तर आपण एक उदाहरण करून दाखवायचं आणि पुढचं त्याच्यावर सोडायचं. उत्तर सांगणं अगदी शेवटी. आपली ताई थेट शेवटच्या पायरीवरून सुरुवात करते. वाचायला हे सोपं वाटतं, करायला फार अवघड. मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात मोजून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम सेकंदभर थांबतात. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि त्यांत कारणं येऊ लागतात. तीन सेकंद गप्प बसणं अंगवळणी पडायला सराव लागतो. प्रशिक्षणाचा मोठा भाग मी या सरावालाच देईन.

“बारावी झालेल्या मुलीकडून एवढी अपेक्षा कशी करायची?” असं कोणी म्हणेल. त्याचं उत्तर मुंबईतच आहे. प्रथम संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच तरुणी, सुमारे दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं घेऊन त्या रोज दोन तास मूलभूत वाचन आणि गणित शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या 2001 ते 2003 मधल्या चाचण्यांत या मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले. त्यातला बराचसा फायदा वर्षभराने ओसरला, हेही त्याच अभ्यासात नोंदलं आहे आणि ते विसरू नये. बालसखी मुलांना गटात शिकवत होती, आपली ताई एकाच मुलाशेजारी बसते. दोघींची सरसकट तुलना होणार नाही. पण नेमकं काम ठरवून दिलं, तर फार पदव्या नसलेली मुलगी चांगलं काम करते, एवढं यातून नक्की दिसतं. आपण ताईला बाक दाखवतो आणि “सांभाळून घ्या” म्हणतो.

म्हणून मुख्याध्यापकांना दोन मागण्या. वर्गशिक्षिका आणि ताई यांना रोज पंधरा मिनिटं एकत्र बसण्यासाठी वेळापत्रकात जागा द्या, मधल्या सुट्टीतून कापून नव्हे. आणि मुलाची वही अपूर्ण घरी पाठवण्याची मुभा ताईला लेखी द्या, तिची एक प्रत पालकांनाही.