फळाची आसक्ती वेगळी, फळावरचा हक्क वेगळा



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय 3, श्लोक 12

नवीन नोकरीला लागलेल्या मुलाने पगाराचा विषय काढला, की अंधेरी काय आणि घाटकोपर काय, उत्तर ठरलेलं असतं: "आधी शिकून घे, पैशाचं नंतर बघू." वर गीतेचा दाखला: काम करत राहा, फळाकडे बघू नकोस. आपण भाविक माणसं. गीतेचं नाव निघालं की गप्प बसतो. पण तीन महिने फुकट राबल्यावर प्रश्न पडतोच, पगार मागणं म्हणजे आसक्ती का?

दाखला दिला जातो तो दुसऱ्या अध्यायातल्या 47व्या श्लोकाचा. तिथेच न थांबता तिसरा अध्याय उघडा. 12व्या श्लोकाचा भाव असा: ज्यांच्याकडून मिळालं त्यांना त्यांचं न देता जो एकटाच उपभोग घेतो, तो चोर. श्लोकात गोष्ट देवांची आणि यज्ञाची आहे, हे खरं. पण घेतलं तर दिलं पाहिजे, हा नियम फक्त देवघरापुरता कसा असेल? रात्री अकरापर्यंत बसून काम पूर्ण करणाऱ्या पोराच्या कष्टावर ज्याचं बिल निघतं, त्यालाही तो लागू आहे. 47वा श्लोक काम करणाऱ्याच्या मनासाठी आहे, मालकाच्या हिशेबासाठी नाही.

आणि गीता सांगणारा स्वतः कसा वागला? युद्धाआधी श्रीकृष्ण हस्तिनापूरला शिष्टाईला गेला, तो पांडवांचा वाटा मागायलाच. पाच गावांवरही भागवायची तयारी होती. हक्काचं मागणं हा लोभ असता, तर भगवंत त्यासाठी कौरवांच्या दारी गेला नसता.

आता आपले तुकोबा. लोकांकडून येणं असलेली कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण परंपरेतल्या त्या कथेचा अर्धा भाग विसरतो. धाकटा भाऊ कान्होबा याचा वाटा त्यांनी आधी वेगळा काढून दिला. बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. त्याग स्वतःच्या हक्काचा करता येतो. दुसऱ्याचा हक्क बुडवला तर त्याला त्याग म्हणत नाहीत.

म्हणून हक्क माहीत असणं हाही साधनेचाच भाग समजा. वेतन संहिता 2019 आता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत मिळायला हवा. राजीनामा दिला किंवा काढून टाकलं, तर उरलेलं वेतन कामाच्या दोन दिवसांत. अप्रेंटिस म्हणून रीतसर नोंद असेल, तर 1961च्या कायद्याने स्टायपेंड द्यावाच लागतो. कागदावर आपण कर्मचारी आहोत, अप्रेंटिस आहोत की नुसतेच 'इंटर्न', हे सहीआधी वाचा. हक्क त्यावर बदलतात. पगार थकला तर ईमेल, हजेरी, बँकेचं स्टेटमेंट जपून ठेवा आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. मागताना आवाज चढवायची गरज नाही. द्वेष नको, पण लाजही नको.

आणि आपल्यापैकी जे आता टीम लीड झालेत, त्यांच्यासाठी खास. आपल्या हाताखालच्या पोराला काय मिळतं, हे कधी विचारलंत? स्वतःच्या इन्क्रिमेंटबद्दल निष्काम राहायचं असेल तर खुशाल राहा. त्याच्या स्टायपेंडबद्दल निष्काम राहू नका. तो कान्होबाचा वाटा आहे.

आजचा संकल्प: ज्याच्या कष्टाचं आपण खातो, असा एक माणूस आठवायचा आणि त्याचं देणं आजच द्यायचं. देणं आपल्या हातात नसेल, तर ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे त्याच्यासाठी शब्द टाकायचा.

राम कृष्ण हरी!