वाट पाहणाऱ्याचा हक्क

दिवाळीच्या तोंडावर जो पिठाच्या गिरणीत उभा राहिला, त्याला न्याय ही किती अवघड वस्तू आहे हे निराळे शिकवावे लागत नाही. खानावळीचे पोतेभर गहू घेऊन आलेला गडी पहाटेपासून बसलेला असतो. त्याच्या मागे चकलीच्या भाजणीचा डबा घेतलेली गृहिणी असते, आणि तिच्याही मागे, “माझी एवढीशीच तर डाळ आहे, बाबा,” म्हणत हळूच पुढे सरकणाऱ्या आजीबाई असतात. गिरणी एक आणि दळणे तीन. आधी कोणाचे घ्यावे?

हाच प्रश्न आज बीड आणि अंबाजोगाईच्या महाविद्यालयांतील मुले-मुली विद्यापीठाच्या परीक्षेसाठी सोडवीत असतात. त्यांच्या संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ नावाचा एक विषय असतो. मराठीत तिला यंत्राचा कारभारी म्हणावे. आमच्या खेड्यापाड्यांतून घरधनीण नवऱ्याला कारभारी म्हणते आणि कारभार मात्र बहुधा तीच पाहते. संगणकातही तसेच आहे. मिरवते ते पडद्यावरचे चित्र, आणि राबतो तो पडद्याआडचा कारभारी. प्रोसेसर मोजका आणि कामे शेकड्यांनी. तेव्हा कोणाला केव्हा पुढे घ्यायचे आणि किती वेळ द्यायचा, हे त्याला क्षणोक्षणी ठरवावे लागते.

विद्यार्थ्याला प्रथम शिकवतात ती सर्वांत सोपी रीत: जो आधी आला त्याचे काम आधी. आपल्या गिरणीत पोत्याला ३० मिनिटे लागतात, भाजणीला ६ आणि डाळीला ३, असे धरू. आल्या क्रमाने दळले तर पोतेवाला मुळीच थांबत नाही, गृहिणी ३० मिनिटे थांबते आणि आजीबाई ३६. सरासरी २२ मिनिटे. आता क्रम उलटा करा. आजीबाई थांबत नाहीत, गृहिणी ३ मिनिटे थांबते आणि पोतेवाला ९. सरासरी अवघी ४ मिनिटे! लहान काम आधी घेण्याने सरासरी प्रतीक्षा कमीत कमी होते, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. आजीबाईंचे म्हणणे इतके शास्त्रशुद्ध होते, हे गिरणीवाल्यालाही ठाऊक नसेल.

पण गोष्ट येथे संपत नाही. आजीबाई गेल्या की दुसरी बाई नाचणी घेऊन येते. ती जाते न जाते तोच कोणाचे तरी पोर शेरभर ज्वारी आणते. प्रत्येकाचे काम पोत्यापेक्षा लहानच. सरासरी उत्तम राहते, गिरणीवाल्याची वाहवा होते, आणि पोतेवाला संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहतो. या अवस्थेला पाठ्यपुस्तकात ‘स्टार्व्हेशन’ म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ उपासमार. १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी ज्या जिल्ह्यात आजोबा अजून सांगतात, तेथल्या मुलाने हा शब्द केवळ दोन गुणांची व्याख्या म्हणून पाठ करावा, याचे मला नवल वाटते.

सिल्बर्शाट्झ आणि गाल्विन यांच्या सुप्रसिद्ध पाठ्यपुस्तकात या संदर्भात एक ऐकीव गोष्ट दिली आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतला आयबीएम ७०९४ हा संगणक १९७३ साली बंद करण्यात आला. तेव्हा त्यात कमी महत्त्वाचे ठरवलेले एक काम सापडले म्हणतात. ते १९६७ साली रांगेत लावले होते आणि सहा वर्षांत त्याची पाळी आलीच नव्हती. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यातले मर्म मोलाचे आहे. त्या कामाला कोणी ‘नाही’ म्हटले नव्हते. त्याच्याशी कोणाचे वैरही नव्हते. प्रत्येक वेळी त्याच्याहून निकडीचे काही तरी निघत गेले, इतकेच.

येथेच मला नीतीचा खरा प्रश्न दिसतो. नकार आणि दिरंगाई यांत अधिक वाईट काय? ज्याला नकार मिळतो तो दुसरे दार ठोठावतो, भांडतो, निदान मनाची समजूत तरी घालतो. ज्याला “तुमचा नंबर येईल” असे सांगितले जाते, त्याला यांतले काहीच करता येत नाही. अंत नसलेली दिरंगाई हा नकारच असतो. फक्त तो देणाऱ्याला त्याची लाज वाटत नाही.

बीडकरांना हे उदाहरण देऊन सांगायला नको. अहमदनगर, बीड आणि परळी यांना जोडणारा रेल्वेमार्ग १९९५ साली मंजूर झाला. तो नको असे कोणी म्हटले नाही. त्याची आश्वासने तर निवडणुकागणिक ऐकू आली. बीड शहरातून प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर तिशीला आले होते.

यंत्राच्या कारभाऱ्याने या दोषावर काढलेला उपाय साधा आहे. जो जितका अधिक थांबला, तितका त्याचा मान वाढवीत जायचा. यास ‘एजिंग’, म्हणजे वय वाढणे, असे नाव आहे. कितीही क्षुल्लक काम असो, थांबता थांबता ते एक दिवस सर्वांच्या पुढे येतेच. लिनक्स या प्रणालीत २००७ साली जी पद्धत आली तिचे नावच ‘संपूर्ण न्यायी’ अशा अर्थाचे होते. ज्याला आतापर्यंत आपल्या वाट्याच्या मानाने सर्वांत कमी वेळ मिळाला, त्याला ती आधी बोलावीत असे. २०२३ साली तिची जागा दुसऱ्या पद्धतीने घेतली. परंतु कोणाचे किती देणे राहिले याचा हिशेब ठेवणे काही सुटले नाही.

यावर कोणी म्हणेल, की यंत्राला कसली आली नीती? काम उरकावे एवढाच अभियंत्याचा हेतू. हे मान्य केले तरी एक गोष्ट उरते. पोतेवाल्याला मध्येच आत घेतले की सरासरी बिघडते. ती बिघडू द्यायची की नाही, याचे उत्तर गणित देत नाही. ते माणसाने दिले आहे, आणि ‘बिघडली तर बिघडो’ असे दिले आहे. न्यायाची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. येथे ती आजीबाईंच्या काही मिनिटांनी मोजली जाते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नुसते थांबणे हे काय पुण्य आहे? रुग्णाला घेऊन जाणाऱ्या गाडीलाही रांगेत उभे करायचे काय? मुळीच नाही. तातडीच्या कामाला कारभारी पुढे घेतोच. पण तातडीच्या नावाखाली एखाद्याला कायमचे मागे ठेवण्याची मुभा तो देत नाही. प्रतीक्षेला मर्यादा असावी, ही अट त्या शास्त्रात स्पष्ट शब्दांत घातलेली आहे.

आपल्या राज्याने ही अट एकदा माणसांसाठीही मान्य केली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, बहात्तरच्या दुष्काळाने तिची निकड पटवली, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात होते. अंमलात उणिवा राहिल्या असतील. परंतु त्या १५ या आकड्यात मोठी नीती साठवलेली होती. खडी फोडायला आलेल्या बाईला तिचा दिवस मोजता येत होता.

बीड-अंबाजोगाईच्या वर्गांत बसलेली ही मुले उद्या कोठे ना कोठे कारभारी होणार आहेत. पीकविम्याचे अर्ज, इस्पितळातील शस्त्रक्रियांच्या तारखा, शिष्यवृत्त्यांच्या याद्या यांचा क्रम त्यांनी लिहिलेल्या आज्ञांवरून लागेल. यंदाही दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतील, आणि त्या वर्गांतल्या काही मुलांचे आईबापही त्यांत असतील. कोणाची पाळी नेहमी मागे राहते, हे त्या मुलांना पुस्तकात शोधावे लागणार नाही.

त्यांनी सरासरी अवश्य काढावी. मात्र ती काढून झाल्यावर रांगेच्या शेवटाशी जावे आणि तेथे बसलेल्याला त्याची पाळी केव्हा येणार, ते सांगून पाहावे. दिवस सांगता आला तर कारभार बरा चालला आहे. “येईल, येईल” एवढेच म्हणावे लागले, तर परीक्षेत कितीही गुण मिळालेले असोत, तो धडा पुन्हा उघडावा.