खाली राहणारा आपला शेजारी



1 सप्टेंबरपासून 4 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या सणापर्यंत, ख्रिस्तसभा सृष्टीसाठी विशेष प्रार्थना करते. याच दिवसांत आपल्या भागातील लोकांना एक तारीख आठवते: 25 सप्टेंबर 2019. त्या रात्री कात्रजच्या डोंगराकडे प्रचंड पाऊस झाला आणि आंबील ओढा रस्त्यांवरून थेट घरांत शिरला. सातारा रस्त्याच्या पलीकडे, अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. पुणे शहर व परिसरात त्या पावसापुराने वीसहून अधिक बळी घेतले.

ओढ्याकाठी राहणाऱ्या एका मावशींनी त्या रात्रीची हकिगत मला सांगितली. धाकट्याला खांद्यावर घेऊन त्या छातीएवढ्या पाण्यातून बाहेर पडल्या होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "फादर, वरच्यांना पाऊस दिसतो, आम्हाला पूर दिसतो. पाणी तर एकच ना?" मी सांत्वनाचे चार शब्द बोललो, पण त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना निमित्त आणि कारण यांतला फरक आम्हाला शिकवला होता. वाळलेल्या गवतावर ठिणगी पडणे हे निमित्त. गवत वाळलेले असणे हे कारण. त्या रात्रीचा पाऊस हे निमित्त होते. कारण मात्र अनेक वर्षे तयार होत होते. आंबील ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो, पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर असा वाहत दांडेकर पुलाखालून मुठेला मिळतो. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून नळाने शहरात पाणी आणले आणि पर्वतीच्या पायथ्याशी या ओढ्याचा प्रवाह वळवला. म्हणजे माणसाचा हात या पाण्याला तेव्हाही लागला होता. पण पाण्याला जागा लागते हे त्या लोकांना ठाऊक होते. आपण मात्र ओढ्याला आधी 'नाला' म्हणू लागलो. एकदा नाला म्हटले की त्यात काहीही टाकता येते, त्याच्या पात्रात भिंत घालता येते, त्यावर स्लॅब टाकून वाहने उभी करता येतात. डोंगरउतारावर इमारती आणि काँक्रीटचे रस्ते झाले. जे पाणी पूर्वी मातीत मुरत मुरत सावकाश खाली जाई, ते आता काही मिनिटांत धावत खाली जाते.

बिबवेवाडी उतारावर वसली आहे. आपल्या गच्चीवरचे, अंगणातले, मोरीतले पाणी एका ना एका ओढ्याने शेवटी मुठेलाच जाते. म्हणून त्या मावशींचा प्रश्न आपल्याला होता.

एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले, "माझा शेजारी कोण?" तेव्हा प्रभूने दयाळू शोमरोन्याची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीतली एक बाब आपल्या लक्षात येत नाही. यरुशलेम उंचावर आहे आणि यरीहो खूप खाली. जखमी माणूस उतारावर पडला होता आणि याजक वरून खाली येत होता. त्याने त्याला पाहिले आणि तो दुसऱ्या बाजूने निघून गेला. त्याने कोणाला मारले नव्हते. त्याने फक्त काही केले नाही. प्रत्येक मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबरच न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. नदीच्या बाबतीत आपले बहुतेक पाप याच दुसऱ्या प्रकारचे आहे.

मीही याजक आहे, म्हणून सुरुवात माझ्यापासून करतो. चिखल होतो, लग्नाच्या पाहुण्यांची गैरसोय होते, म्हणून चर्चच्या आवारात पेव्हिंग ब्लॉक बसवण्याच्या कामाला मीच संमती दिली. आवार स्वच्छ दिसते, आपण सर्वांनी कौतुकही केले. पण आता पाऊस पडला की सगळे पाणी फाटकातून रस्त्यावर येते. तिथून ते कोणाच्या दारी जाते, हे मी एकदाही पाहायला गेलो नाही.

खाली राहणारा शेजारी ओढ्याकाठीच आहे असेही नाही. मुळा आणि मुठा संगमावर मिळतात, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात जाते. उजनीचे पाणी सोलापूर पिते. पुढे हीच नदी पंढरपूरला चंद्रभागा होते आणि लाखो वारकरी श्रद्धेने तिच्यात उतरतात. आपण सिंकमध्ये ओतलेले तेल, गटारात सोडलेले रसायन या सर्वांच्या वाट्याला येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2022 मध्ये देशातले 311 प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यांपैकी 55 महाराष्ट्रात, म्हणजे सर्वाधिक आपल्याच राज्यात होते.

उपाय नाहीत असे नाही. मुळा-मुठेसाठी जपानच्या कर्जसाहाय्याने 11 मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे उभारण्याचा करार 2016 मध्ये झाला. त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला 39 कोटी 60 लाख लिटर ठरली. मूळ मुदत केव्हाच उलटून गेली. शिवाय केंद्र तेच पाणी शुद्ध करते जे नळातून त्याच्यापर्यंत पोहोचते. ओढ्यात परस्पर सोडलेले नाही. पुरासाठी आपल्या राज्यात दोन रेषा आखतात: 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. या रेषा कागदावर पुसता येतात, पाण्याला त्या पाठ असतात. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांना बोटींतून बाहेर काढावे लागले. नेदरलँड्स या देशाने शतकानुशतके बंधारे उंच केले. 1995 च्या पुरात तिथे सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. तेव्हा त्यांनी विचार बदलला आणि तीसहून अधिक ठिकाणी नदीला जागा परत दिली. नायमेखन शहराजवळ तर बांध 350 मीटर मागे घेतला.

मात्र जागा परत देताना ती कोणाची घेतली जाते, हेही पाहावे लागेल. ओढ्याकाठी झोपडी बांधणारा तिथे हौसेने गेलेला नसतो. त्याची झोपडी अतिक्रमण ठरते आणि वरची इमारत विकास ठरते, हा न्याय नव्हे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हेच शिकवले की पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावा लागतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, आवाराच्या उताराकडील बाजूचे ब्लॉक काढून तिथे शोषखड्डा करायचा. पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे, खर्चाचा हिशेबही आपल्यासमोर ठेवीन. दुसरी, वेदीवरची आणि कबरस्तानातली फुले, सणाच्या जेवणाचे उरलेले अन्न ओढ्याकडे जाणार नाही. त्याचे खत होईल. तेल घरीही मोरीत ओतू नये. तिसरी, पावसाळ्यापूर्वी नालेसफाई झाली की नाही, हे पाहण्यासाठी आपल्यापैकी काहींनी दरवर्षी मे महिन्यात ओढ्याकाठी पायी जावे आणि महापालिकेला लेखी कळवावे. मी बरोबर येईन. त्या मावशींनाही बोलावू, कारण पाणी प्रथम कुठे चढते हे त्यांना माहीत आहे.

यहेज्केल संदेष्ट्याला दृष्टान्त झाला, त्यात मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी झिरपत होते. पुढे जात जात त्याची नदी झाली आणि ती जिथे गेली तिथे सर्व काही जगले. आपल्याही चर्चच्या उंबरठ्यापासून पाणी खाली जाते. ते खालच्या शेजाऱ्याकडे काय घेऊन जाते, याचा विचार या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एकत्र बसून करावा. 2019 च्या त्या रात्री गेलेल्यांच्या आत्म्यांना प्रभू चिरशांती देवो आणि आपल्याला जागे ठेवो.

आपला धर्मगुरू